मृदुला साराभाई आणि राहून गेलेला न्याय

कुर्ल्याच्या एका अंगास चेंबूर, दुसऱ्या अंगास गुरु तेगबहादूर नगर. फाळणीनंतर या दोन्ही ठिकाणी सिंधी व पंजाबी निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. गेलेली घरे, जमिनी, दुकाने यांची मोजदाद झाली, दावे दाखल झाले, काहींना भरपाईही मिळाली. परंतु त्याच दंगलीत ज्या स्त्रियांना पळवून नेले, विकले, बळाने घरात कोंडून ठेवले, त्यांच्या हानीचा हिशेब कोणत्या वहीत मांडला गेला? हा प्रश्न मनात आला की मृदुला साराभाई यांचे चरित्र आठवल्यावाचून राहत नाही.

त्यांचा जन्म १९११ साली अहमदाबादेत, गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या घरी झाला. शास्त्रज्ञ विक्रम साराभाई हे त्यांचे धाकटे बंधू. संपन्न घरातील ही मुलगी गांधीजींच्या चळवळीत शिरली आणि तिने अनेकदा तुरुंगवास पत्करला. स्त्रियांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून १९३४ मध्ये त्यांनी अहमदाबादेत ज्योती संघ स्थापन केला. १९४६ मध्ये त्या काँग्रेसच्या सरचिटणीस झाल्या.

१९४७ च्या वणव्यात त्या पंजाबात गेल्या. अपहृत स्त्रियांच्या शोधाची जबाबदारी दोन्ही सरकारांनी घ्यावी यासाठी त्यांनी नेहरूंकडे धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला. त्या वर्षीच्या डिसेंबरात लाहोरला उभय देशांत तसा करार झाला. सामाजिक कार्यकर्त्या पोलिसांसह गावोगाव फिरू लागल्या. पुढील काही वर्षांत भारतातून वीस हजारांवर मुसलमान आणि पाकिस्तानातून सुमारे नऊ हजार हिंदू व शीख स्त्रिया-मुले परत पाठविण्यात आली. एका व्यक्तीच्या जिद्दीचे हे फळ थोर आहे, यात शंका नाही.

तथापि या कार्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९४९ च्या अपहृत व्यक्ती कायद्यानुसार कोणत्याही वयाची स्त्री आपल्या कुटुंबापासून तुटून दुसऱ्याच्या घरी आढळली, तर ती अपहृत ठरे आणि तिने काय करावे याचा निर्णय लवाद करी. तिची इच्छा निर्णायक नव्हती. काहींना दोन वर्षांत मूल झाले होते. काहींना माहेर पुन्हा दार उघडील याची खात्री नव्हती. परत जाण्यास नकार देणाऱ्या स्त्रियांनाही नेण्यात आले. या मुद्द्यावर रामेश्वरी नेहरू यांचा मतभेद झाला व त्या या कामातून बाहेर पडल्या. मृदुलाबेन मात्र आपल्या मतावर ठाम राहिल्या. बळाने जुळलेल्या संबंधातील संमती खरी नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण मग सरकारी बळाने घेतलेला निर्णय तरी स्त्रीचा कसा?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे देवघेवीचा ताळेबंद दिसतो: तुमच्या इतक्या, आमच्या इतक्या. राष्ट्रांची अब्रू जमेस धरली गेली, स्त्रीची व्यथा नव्हे. हा कायदा शोध व परतपाठवणी यांपुरताच होता. अपहरण करणाऱ्यांचा न्यायनिवाडा हा त्याचा विषयच नव्हता. १९५७ मध्ये तो संपुष्टात आला आणि प्रकरण मिटले असे मानले गेले.

काश्मीर प्रश्नावर शेख अब्दुल्लांची बाजू घेतल्यामुळे १९५८ मध्ये मृदुलाबेनना काँग्रेसबाहेर जावे लागले, स्थानबद्धताही सोसावी लागली. १९७४ मध्ये त्या वारल्या.

त्यानंतर सतरा वर्षांनी, १९९१ च्या ऑगस्टमध्ये, कोरियातील किम हाक-सुन या वृद्धेने जपानी सैन्याने आपणास लैंगिक गुलामगिरीत ठेवल्याचे जाहीरपणे सांगितले आणि अनेक देशांतील स्त्रियांना वाचा फुटली. त्यांनी दया मागितली नाही. अपराधाची कबुली आणि जबाबदारी मागितली. बांगलादेशाने १९७१ च्या पीडितांना निदान वीरांगना हे नाव दिले. आपण आपल्या स्त्रियांना काय दिले? त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. म्हणून शिक्षेचा काळ गेला असला, तरी कबुलीचा गेलेला नाही. मृदुलाबेननी त्यांना शोधले. त्यांचे ऐकून घेणे आणि पाठ्यपुस्तकांत व स्मारकांत त्यांस जागा देणे, हे त्यांच्या कार्यातील उरलेले काम आहे आणि ते आपले आहे.