भाजीच्या मळ्यातील विद्यार्थी

मेथीचा वाफा ज्याने खुरपिला आहे, त्यास जोतीराव फुले यांचे चरित्र परके वाटणार नाही. त्यांचा जन्म इ. स. १८२७ चा. वर्षाच्या आतच आई चिमणाबाई वारली. वडील गोविंदराव पुण्यास भाजीपाला पिकवीत व विकीत. अशा घरी पातेल्यात बहुधा न विकलेलीच भाजी पडते, हे आपल्या नाशिककडील माळीबंधूंस सांगावयास नको.

मुलास शाळेत घातले होते. परंतु माळ्याच्या पोरास विद्या कशाला, असे लोकांनी बापाच्या मनात भरविले, आणि पाटी जाऊन हाती खुरपे आले. दिवसा मळ्याचे काम, रात्री दिव्यापाशी पुस्तक, असा त्या पोराचा क्रम चालला. तो शेजारच्या दोघांच्या दृष्टीस पडला: गफार बेग मुनशी हे मुसलमान, लिजिटसाहेब हे ख्रिस्ती. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत बसला. सातच वर्षांनी त्याने स्वतः मुलींची शाळा काढिली!

मळा मात्र त्यांनी सोडिला नाही. मांजरीस कालव्याच्या पाण्यावर त्यांनी शेती केली. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीस उपाशी मुलांकरिता अन्नाची सोय झाली. तीत सावित्रीबाईही राबल्या. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, सरकारने रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालवून पावसाचे पाणी शेतातच मुरवावे, अशी सूचना त्यांनी केली. पुढे सात वर्षांनी ते वारले.