हिमप्रवासी नान्सेन

आमच्या अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यातील मुलांस बर्फ ठाऊक असते ते सरबताच्या गाडीवरचे. किंवा वळवाच्या पावसात अंगणात गारा पडल्या म्हणजे त्या वेचण्यापुरते. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. पण तेथेही हिमवर्षाव होत नाही. अशा प्रदेशातील विद्यार्थ्यांपुढे नॉर्वे देशातील एका हिमप्रवाशाचे चरित्र आम्ही का ठेवीत आहो, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर या चरित्राच्या उत्तरार्धात मिळेल.

फ्रिट्यॉफ नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया शहराजवळ झाला. याच शहरास आज ऑस्लो म्हणतात. त्यांचे वडील वकील होते. आईस मैदानी खेळांची व विशेषतः स्कीची मोठी हौस होती. स्की म्हणजे लांब, अरुंद व पुढच्या टोकाशी वर वळलेल्या लाकडी पट्ट्या. त्या पायांस बांधल्या म्हणजे मनुष्याचे वजन लांबवर विभागले जाते व तो भुसभुशीत हिमात रुतत नाही; सपाटीवर तो झपाझप चालू शकतो आणि उतारावर वाऱ्यासारखा घसरत जातो. नॉर्वेतील खेडुतांस हे साधन शतकानुशतके परिचयाचे होते. दहा वर्षांच्या नान्सेन यांनी आईबापांची आज्ञा मोडून एका मोठ्या उतारावरून स्कीवर उडी घेतली व ते डोके खाली, पाय वर अशा स्थितीत हिमात जाऊन रुतले. बघ्यांची करमणूक झाली. पण मुलाची हौस कमी झाली नाही. पुढे ते घराजवळच्या अरण्यात एकटेच कित्येक दिवस राहू लागले.

विश्वविद्यालयात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला आणि १८८२ साली बर्गेन येथील संग्रहालयात नोकरी धरली. तेथे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली प्राण्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास चाले. पण हिवाळा आला की मन डोंगरांकडे धावे. १८८४ च्या हिवाळ्यात ख्रिस्तियानिया येथे स्कीच्या शर्यती होणार होत्या. या दोन शहरांमध्ये नॉर्वेचा उंच, उजाड डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे, आणि त्यावरून जाणारा लोहमार्ग १९०९ पर्यंत पुरा व्हावयाचा होता. नान्सेन यांनी स्की पायांस बांधले व भर हिवाळ्यात ते डोंगर ओलांडून शर्यतीस हजर झाले. परतही तसेच आले. स्कीवरून पर्वतप्रदेशाचा लांबचा प्रवास करता येतो, ही गोष्ट या सफरीने त्यांच्या मनात पक्की झाली.

याच विश्वासावर त्यांनी ग्रीनलंड बेट ओलांडण्याचा बेत केला. त्या बेटाच्या अंतर्भागावर हजारो फूट जाडीचे बर्फ असून तोपर्यंत ते कोणीही आरपार ओलांडले नव्हते. पूर्वीचे प्रवासी पश्चिमेकडील वस्तीपासून निघत व त्यांस त्याच वाटेने परत यावे लागे. नान्सेन यांनी उलट विचार केला. जवळजवळ निर्जन अशा पूर्व किनाऱ्यावर उतरावयाचे व पश्चिमेकडे चालावयाचे. मागे आसरा नाही, म्हणून मागे फिरण्याचा मोहही नाही. पुष्कळांनी यास वेडेपणा ठरविले. नॉर्वे सरकारने द्रव्यसाहाय्य नाकारले. अखेर कोपनहेगनचे एक व्यापारी ऑगस्टिन गामेल यांनी पैसा पुरविला.

१८८८ च्या जुलै महिन्यात नान्सेन व त्यांचे पाच सोबती जहाजातून होड्यांत उतरले. या पाचांत ओट्टो स्वेर्ड्रुप हे कुशल दर्यावर्दी होते, आणि बाल्टो व राव्ना हे सामी जमातीचे दोघे होते. फुटलेल्या बर्फाच्या लोंढ्याने त्यांस दूर दक्षिणेस वाहून नेले. त्यामुळे किनारा गाठून पुन्हा उत्तरेस वल्ही मारीत येण्यात बहुमोल दिवस गेले. ऑगस्टच्या मध्यास चढण सुरू झाली. घसरगाड्या स्वतःच ओढावयाच्या होत्या. वर सुमारे ९,००० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दीडपटीहून अधिक उंचीवर, रात्रीची थंडी शून्याखाली चाळीस अंश सेंटिग्रेडच्याही पलीकडे जाई. नवलाची गोष्ट ही की, सभोवार बर्फच बर्फ असून तहानेने जीव कासावीस होई. कारण बर्फ वितळविण्यास जळण पुरेसे नव्हते. ते पत्र्याच्या कुप्यांत हिम भरून अंगाशी कपड्यांच्या आत ठेवीत व वितळलेले पाणी घोट घोट पीत. वारा अनुकूल झाला तेव्हा त्यांनी घसरगाड्यांस शिडे बांधली. पश्चिमेकडे उतरल्यावर नान्सेन व स्वेर्ड्रुप यांनी तंबूचे कापड व झुडपांच्या काटक्या यांची होडी केली व ३ ऑक्टोबर रोजी गॉटहॉब, म्हणजे आजचे नूक, हे गाव गाठले. त्या वर्षीचे शेवटचे जहाज निघून गेले होते. म्हणून हिवाळाभर ते तेथील एस्किमो लोकांत राहिले व त्यांची विद्या शिकले.

या प्रवासावरील त्यांचा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला आणि युरोपच्या पर्वतप्रदेशांत स्कीचे वेड पसरले. तो वाचून ऑस्ट्रियातील मथियास झ्दार्स्की यांनी स्की मागविले व आल्प्सच्या तीव्र उतारांस योग्य अशी पद्धती शोधून काढली. १८९७ साली विल्हेल्म पाउल्के व त्यांचे सोबती यांनी स्वित्झर्लंडमधील बर्नच्या आल्प्सचा प्रदेश स्कीवरून ओलांडला. पुढे ही विद्या हिंदुस्थानातही आली. काश्मिरातील गुलमर्ग येथे १९२७ साली स्की क्लब निघाला. आमच्यापैकी कोणास कधी गुलमर्गास जाण्याचा योग आला, तर तेथील उतारावर त्याने नान्सेन यांचे स्मरण करावे.

१८९३ साली ते फ्राम या मुद्दाम बांधलेल्या जहाजातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. समुद्रातील बर्फ ध्रुवाच्या दिशेने वाहते, असे त्यांचे अनुमान होते. म्हणून त्यांनी जहाज बर्फात गोठू दिले. वाहण्याची गती मंद व दिशा अपुरी दिसल्यावर मार्च १८९५ मध्ये ते हालमार योहान्सेन यांस घेऊन स्कीवर व कुत्र्यांच्या गाड्यांसह पुढे गेले आणि ८६ अंश १४ कला या अक्षांशाजवळ पोहोचले. इतक्या उत्तरेस तोपर्यंत कोणी गेले नव्हते. पण बर्फाचे उंचवटे संपेनात, तेव्हा ते शहाणपणाने मागे फिरले. इतक्या काटेकोर माणसाचेही एकदा विस्मरण झाले: दोघांच्या घड्याळांस किल्ली द्यावयाची राहिली, ती बंद पडली, व आपण नेमके कोठे आहो हे सांगणे कठीण झाले. दगडांच्या झोपडीत अस्वलाच्या मांसावर त्यांनी हिवाळा काढला. पुढे एके दिवशी सर्व सामानासह त्यांच्या होड्या वाहत चालल्या. नान्सेन यांनी गोठविणाऱ्या पाण्यात उडी टाकली व त्या परत आणल्या. न आणत्या तर दोघांचाही अंत ठरलेला होता. जून १८९६ मध्ये एका इंग्रज प्रवाशाची भेट होऊन ते सुखरूप परतले.

येथे चरित्र संपले असते, तर ते एका शूर प्रवाशाचे ठरले असते. पण पहिल्या महायुद्धानंतर, वयाच्या साठीच्या सुमारास, नान्सेन यांच्यावर आणखी अवघड वाट चालण्याची पाळी आली. राष्ट्रसंघाने १९२० साली त्यांस युद्धकैद्यांस घरी पोहोचविण्याचे काम सांगितले. त्यांनी अल्प खर्चात चार लाखांवर माणसे मायदेशी नेली. १९२१ साली रशियातील व्होल्गा नदीच्या प्रदेशात भयंकर दुष्काळ पडला. नान्सेन यांनी राष्ट्रसंघापुढे उभे राहून कर्जाऊ मदतीसाठी कळकळीने विनविले. परंतु तेथील राज्यकर्त्यांवरील रोषामुळे सरकारांनी नकार दिला. तेव्हा ते स्वतः दुष्काळी गावांत हिंडले, छायाचित्रे घेतली, व युरोपातील गावोगावी ती पडद्यावर दाखवून लोकांकडे झोळी पसरली. मोठा भार अमेरिकेतील साहाय्यसंस्थेने उचलला, तरी नान्सेन यांच्या यत्नानेही लक्षावधी मुखांत घास पडले. मृतांची संख्या सुमारे पन्नास लाख होती, असे मानतात. ज्या निर्वासितांस कोणताच देश आपले म्हणेना, त्यांच्यासाठी १९२२ साली त्यांनी ओळखपत्राची युक्ती काढली. तेच नान्सेन पासपोर्ट. त्याच वर्षी त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, व ती रक्कम त्यांनी मदतकार्यास दिली. १९२५ साली आर्मेनियन निर्वासितांसाठी कोरड्या जमिनीस कालव्याचे पाणी देऊन तेथे वस्ती करण्याची योजना त्यांनी मांडली. सरकारांनी पैसा दिला नाही, व ती ठरल्याप्रमाणे तडीस गेली नाही. या अपयशाचे शल्य घेऊनही ते अखेरपर्यंत झटत राहिले. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. हिम आम्हांस परके आहे, पण दुष्काळ परका नाही. १८७६ ते १८७८ व १८९९ ते १९०० या दुष्काळांत आमच्या जिल्ह्यातील गावे ओस पडली, आणि कित्येक पोरकी मुले मिशनच्या छायेत परदेशातून आलेल्या धान्यावर व पैशावर वाढली. आमच्या वाचकांपैकी काहींचे पणजोबा त्यांतच होते. ज्या अमेरिकन बोर्डाने १८३१ साली नगर येथे काम सुरू केले, त्याच्याच शाळा तुर्कस्तानातील आर्मेनियन मुलांसाठीही होत्या. म्हणजे दूरच्या अनोळखी माणसाने पाठविलेल्या भाकरीचे मोल आम्हांस वाचून नव्हे, घरच्या इतिहासावरून कळते.

नान्सेन हे स्वतःस धर्मश्रद्ध म्हणवीत नसत, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. दयाळू शोमरोन्याचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो दाखला न सांगता त्यांनी तसे वर्तन केले. यात आम्हांस थोडे लाजण्यासारखे आहे व पुष्कळ शिकण्यासारखे आहे. वाट धरण्यापूर्वी कसून तयारी करावी, ओझे हलके ठेवावे, परतीचा आसरा शोधू नये, आणि सोबत्यास मागे टाकू नये, हे नियम ते बर्फावर शिकले व भुकेल्यांच्या सेवेत त्यांनी चालविले. आमच्या विद्यार्थ्यांस स्की मिळोत वा न मिळोत. अशी वाट मात्र पुढच्या दुष्काळात त्यांच्या दारावरूनच जाईल.