इडा बी. वेल्स : अवघड सत्य सांगणाऱ्या पत्रकार

वंशभेदाविषयी बोलणे अवघड का जाते, या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय पत्रकार इडा बी. वेल्स यांच्या जीवनात सापडते. अन्यायाला वाचा फोडली की चर्चा अन्यायाची न होता तक्रार करणाऱ्याच्या हेतूची आणि भाषेची होते, हा अनुभव त्यांना वारंवार आला.

वेल्स यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज येथे गुलामगिरीत झाला. १८७८ मध्ये पीतज्वराच्या साथीत त्यांचे आईवडील दगावले. धाकट्या भावंडांच्या पालनपोषणासाठी सोळाव्या वर्षी त्यांनी शिक्षिकेची नोकरी पत्करली. पुढे त्या टेनेसीतील मेम्फिस शहरात आल्या.

रेल्वेच्या महिलांसाठीच्या डब्यातून बळाने बाहेर काढल्याबद्दल त्यांनी कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. १८८४ मध्ये त्यांना ५०० डॉलर नुकसानभरपाई मंजूर झाली. मात्र १८८७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि त्यांच्या हेतूवरच शंका घेतली.

१८८९ मध्ये वेल्स मेम्फिसमधील एका वृत्तपत्राच्या भागीदार झाल्या. मार्च १८९२ मध्ये त्यांचे मित्र टॉमस मॉस आणि त्यांचे दोन सहकारी यांना जमावाने तुरुंगातून बाहेर काढून ठार केले. त्यांच्या किराणा दुकानामुळे शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्यात स्पर्धा निर्माण झाली होती. जमावाकडून होणाऱ्या हत्या म्हणजे बलात्काराची शिक्षा, हा तेव्हाचा रूढ समज वेल्स यांनीही तोवर मान्य केला होता. मॉस यांच्या हत्येने तो खोटा ठरवला. त्यांनी तसे लिहिताच मे महिन्यात जमावाने वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त केले. त्या वेळी वेल्स शहराबाहेर होत्या. जिवाला धोका असल्याने त्यांना मेम्फिस कायमचे सोडावे लागले.

आपले म्हणणे अतिशयोक्त ठरवले जाऊ नये, यासाठी त्यांनी गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतील आकडे घेतले. आठ वर्षांत जमावाने ठार केलेल्या ७२८ कृष्णवर्णीयांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांवरच बलात्काराचा नुसता आरोप होता, हे त्यांनी १८९२ च्या पुस्तिकेत दाखवून दिले.

१८९३ मध्ये कॅथरिन इम्पी यांच्या निमंत्रणावरून वेल्स ब्रिटनला गेल्या. रंगावरून होणाऱ्या भेदालाही 'जात' हा शब्द लावणारे 'अँटी-कास्ट' हे मासिक इम्पी १८८८ पासून चालवत होत्या. १८९४ च्या दुसऱ्या दौऱ्यात वेल्स यांचा वाद फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी झाला. विलार्ड या अमेरिकेतील दारूबंदी चळवळीच्या नामवंत नेत्या होत्या आणि गुलामगिरीविरोधी कुटुंबातून आल्या होत्या. तरीही १८९० च्या एका मुलाखतीत त्यांनी कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्या स्त्रियांसाठी धोका ठरवले होते. वेल्स यांनी ती मुलाखत ब्रिटनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करवली. आपण सुधारक आहोत, मग आपल्यावर आक्षेप का, अशी भावना विलार्ड यांच्या समर्थकांत पसरली. त्याच वर्षी क्लीव्हलँड येथील अधिवेशनात विलार्ड यांनी वेल्स यांच्या वक्तव्यांवर जाहीर टीका केली. मूळ प्रश्न होता हत्यांचा. वाद मात्र एका नेत्याच्या प्रतिष्ठेभोवती फिरत राहिला.

१८९५ मध्ये विवाहानंतर वेल्स शिकागोत स्थायिक झाल्या. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभी राहत असताना तिच्या समितीच्या यादीतून त्यांचे नाव आधी वगळले गेले व नंतर समाविष्ट झाले. १९१३ मध्ये वॉशिंग्टनमधील महिला मताधिकार मिरवणुकीत कृष्णवर्णीय महिलांनी मागे चालावे, असे सांगण्यात आले. वेल्स यांनी ते नाकारले आणि वाटेत इलिनॉय राज्याच्या तुकडीत सामील होऊन त्या चालू लागल्या.

२५ मार्च १९३१ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. २०२० मध्ये त्यांना पुलित्झर पुरस्काराचा मरणोत्तर विशेष सन्मान मिळाला. जमावाकडून होणाऱ्या हत्या हा संघराज्य पातळीवरील गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत २०२२ मध्ये झाला.

वेल्स यांना उघड शत्रूंनी शहराबाहेर घालवले, तर सहकाऱ्यांनी त्यांना रांगेच्या शेवटी उभे करू पाहिले. स्वतःला न्यायप्रिय मानणाऱ्याला आपल्याही मनातील पूर्वग्रहाबद्दल ऐकणे जड जाते. पण एके काळी रूढ समज खरा मानणाऱ्या वेल्स यांनी पुरावा समोर येताच स्वतःचे मत बदलले होते. अवघड संवादाची सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली होती.