रोशनगावात हरलेला मलिक अंबर

आठवीच्या सहलीत आपली एसटी दौलताबादहून खुलताबादला गेली होती, आठवतं? सरांनी एका घुमटाकडे बोट दाखवून ही मलिक अंबरची कबर असं सांगितलं आणि आपण गुडदाणी खात पुढे निघालो. त्याची एक मोठी लढाई आपल्याच जिल्ह्यात झाली, हे मला फार उशिरा कळलं.

अंबरचा जन्म १५४८च्या सुमाराचा, इथिओपियातला. पोरवयातच गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात फिरत दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहून तो फौज आणि कारभार शिकला. १६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतलं, तेव्हा निजामशाही संपल्यातच जमा होती. अंबरने परंड्याला मुर्तजाला गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्य पुन्हा उभं केलं.

माणसं, तोफा, पैसा, सगळं मोगलांकडे जास्त. नांदेडजवळ तो हरला, जखमीही झाला. तरी सुभेदार खानखानानने त्याच्याशी सरहद्दी ठरवून तह केला. (हिंदीच्या पुस्तकातले दोहेवाले रहीम ते हेच!) त्या उसंतीत अंबरने घरचा प्रतिस्पर्धी राजू दख्खनी याला संपवलं आणि १६१० मध्ये अहमदनगर परत घेतलं. समोरासमोर भिडायचं नाही, मराठा घोडेस्वारांनी दाणा-वैरण तोडायची, ही त्याची रीत. १६१२ मध्ये गुजरातेतून आलेली मोगल फौज त्याने अशीच बेजार करून परत पाठवली.

आणि मग रोशनगाव. आज ते बदनापूर तालुक्यात आहे. त्याचेच काही मराठा आणि हबशी सरदार मोगलांना जाऊन मिळाले होते. १६१६ मध्ये तिथे त्याचा दारुण पराभव झाला. त्याने वसवलेली खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, मोगलांनी जाळली. आपली माणसं सांभाळण्यात तो कमी पडला, असं मला वाटतं. घरातून फूट पडली की दाणा-वैरण तोडणार कोण?

पुढच्याच वर्षी शहाजादा खुर्रम मोठी फौज घेऊन आला. अंबर लढलाच नाही. अहमदनगरचा किल्ला आणि बालाघाटचा मुलूख देऊन मोकळा झाला. याला शरणागती म्हणायला मी तयार नाही, कारण फौज त्याने मोडली नव्हती. जहांगीर काश्मिरात रमला तेव्हा, १६२० मध्ये, त्याने गेलेला मुलूख पुन्हा घेतला. खुर्रम परत आला, परत तह झाला. १६२४ मध्ये मात्र भातवडीला मोगल आणि विजापूर या दोघांच्या फौजा त्याने एकत्र हरवल्या; शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. गंमत म्हणजे ज्या खुर्रमने त्याला दोनदा झुकवलं, तोच पुढे बापाविरुद्ध बंड करून अंबरच्या आश्रयाला आला.

१६२६ मध्ये अंबर वारला. सात वर्षांनी त्याच्याच मुलाने, फत्तेखानाने, दौलताबाद मोगलांच्या हवाली केला.

मेळाव्याला येताना ज्यांचा रस्ता बदनापूरवरून असेल, त्यांनी रोशनगावला जरा वळून यावं. मी गेल्या दिवाळीत गेले होते. कपाशीची वेचणी चालली होती.