वाचनात प्रजेला वाटेकरी करणारा राजा : श्रीमंत सयाजीराव गायकवाड

कोणत्याही जुन्या ग्रंथालयात पुस्तके बदलण्याच्या वेळी एक प्रश्न हमखास कानी पडतो. परत आलेले पुस्तक हातात घेऊन एक सभासद दुसऱ्याला विचारतो, कसे आहे? त्यावर मिळणारे दोनचार वाक्यांचे उत्तर हीच त्या पुस्तकाची खरी शिफारस असते. ग्रंथसूची कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी बहुतेक पुस्तके अशा तोंडी शिफारशीवरच घरोघर फिरतात. शताब्दीच्या या स्मरणग्रंथात ज्या पुरुषाचे चरित्र सांगावयाचे आहे, त्याने वाचकांच्या या साध्या व्यवहाराचे मोल ओळखले आणि त्याला एका संस्थानाच्या कारभारात स्थान दिले. तो पुरुष म्हणजे बडोद्याचे महाराज श्रीमंत सयाजीराव गायकवाड.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतले, शेतीवर गुजराण करणारे गृहस्थ. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्यास संमती दिली. निवड गोपाळरावांची झाली. २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांचा हा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर आला, तेव्हा त्याला लिहितावाचता येत नव्हते.

पुढील सहा वर्षे कठोर अध्ययनात गेली. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकाच वेळी सुरू झाला. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. डिसेंबर १८८१ मध्ये महाराजांकडे राज्याची सूत्रे आली. ज्या वयात इतरांचे प्राथमिक शिक्षण संपत येते, त्या वयात महाराजांची अक्षरओळख झाली होती. अक्षराविना माणूस कसा असतो आणि अक्षर आल्यावर त्याच्यात काय पालट होतो, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात पाहिले होते. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ येथे शोधावे लागते.

महाराज एकटे वाचणारे नव्हते. १८८९ मध्ये त्यांनी गोविंद सखाराम सरदेसाई या तरुण पदवीधराला आपला वाचक म्हणून नेमले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावेत, त्यांतील आशय सांगावा, राजपुत्रांना शिकवावे, असे या नेमणुकीचे स्वरूप होते. दोन माणसांनी मिळून वाचण्याचा हा परिपाठ. परंतु त्याचे फळ त्या दोघांपुरते राहिले नाही. इंग्रजीतून वाचलेला उत्तम ग्रंथ मराठी वाचकालाही मिळावा, अशी महाराजांची इच्छा होती. तिला अनुसरून सरदेसायांनी मॅकियाव्हेलीचा राजनीतीवरील ग्रंथ आणि सीली या इतिहासकाराचा इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथ मराठीत आणले. राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी काढलेल्या टिपणांतूनच पुढे त्यांच्या ‘मुसलमानी रियासत’ आणि ‘मराठी रियासत’ या ग्रंथांचा पाया घातला गेला. महाराष्ट्र ज्यांना रियासतकार म्हणून ओळखतो, त्यांची इतिहाससाधना राजवाड्यातील या वाचनाच्या आणि शिकवणीच्या कामातून सुरू झाली. उत्तम ग्रंथ देशी भाषांतून निघावेत म्हणून महाराजांनी पुढे मोठा निधी वेगळा काढला. त्यातून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ चालू झाल्या. त्यांतील पुस्तके मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत निघाली.

राज्याच्या शिक्षणाचा प्रश्न याहून मोठा होता. १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत महाराजांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण राज्याला लागू केले. पण शाळा सुटली की पाटी सुटते, आणि पाटी सुटली की शिकलेली अक्षरेही हळूहळू विसरतात. खेड्यातील मुलगा चार इयत्ता शिकून शेतावर परतला, तर त्याने वाचायचे काय? घरात पुस्तक नाही, गावात पुस्तक नाही, पुस्तकाविषयी बोलणारा माणूसही नाही. सक्तीच्या शिक्षणावर होणारा खर्च अशाने वाळूत मुरला असता. ग्रंथालयावाचून शाळेचे काम अपुरे राहते, हा विचार बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीच्या मुळाशी आहे.

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवन येथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे येथे होते. तेवढ्या काळात ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभे राहिले, मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली आणि ग्रंथपालांना शिकविणारा वर्ग निघाला. भारतातील अशा शिक्षणाचा तो आरंभ होता. मध्यवर्ती ग्रंथालयाला महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० ग्रंथांचा संग्रह देऊन टाकला. जे ग्रंथ आजवर एका वाचकाचे होते, ते आता शहराचे झाले. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी तेथे वेगळी दालने होती.

शहराची सोय अशी झाली. खेड्यांसाठी दोन मार्ग काढले गेले. पहिला मार्ग गावाच्या पुढाकाराचा. गावाने वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम स्थानिक पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने, असा तिहेरी वाट्याचा नियम झाला. ग्रंथालय सरकारने आयते उभारून दिले, तर गाव त्याला सरकारचेच मानते. स्वतःचा पैसा घातला, तर त्याची राखण करते. या कामाला गुजरातमधील लोकांचीही मोठी साथ लाभली. मोतीभाई अमीन या शिक्षकाने आधीपासूनच मित्रमंडळ पुस्तकालये काढली होती. मित्रांनी एकत्र येऊन वर्तमानपत्रे व पुस्तके आळीपाळीने वाचावीत, अशी ती साधी योजना होती. राज्याच्या खात्याने हा अनुभव वाया घालविला नाही. मोतीभाईंना खात्यातच सामावून घेण्यात आले.

दुसरा मार्ग फिरत्या ग्रंथसंग्रहाचा. ज्या गावात ग्रंथालय नव्हते, किंवा असूनही पुस्तके थोडी होती, तेथे खाते लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून पाठवी. एका पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके असत. गावातील शिक्षक किंवा एखादा जबाबदार गृहस्थ ती ताब्यात घेई आणि लोकांना पुस्तके देई. वाहतुकीचा खर्च खात्याचा आणि वाचकाला काहीही आकार नाही. मुदत भरली की पेटी परत जाई आणि नव्या पुस्तकांची दुसरी येई. पुस्तक गहाळ होण्याची धास्ती प्रत्येक ग्रंथपालाला असते. हे खाते ती धास्ती पत्करून चालले. कपाटात सुखरूप राहिलेल्या पुस्तकापेक्षा दहा हातांत मळलेले पुस्तक अधिक उपयोगी, हा त्यामागचा हिशेब होता. ज्यांना मुळीच वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी चित्रदीप आणि चलच्चित्रे दाखविणारी स्वतंत्र शाखा होती. १९१२ मध्ये इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक त्रैमासिकही सुरू झाले आणि ते १९१९ पर्यंत चालले. बॉर्डन परत गेल्यावर खात्याची धुरा जनार्दन सावळाराम कुडाळकर यांनी आणि नंतर न्यूटन मोहन दत्त यांनी वाहिली.

ही कामे शांततेच्या काळात झाली नाहीत. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहांपुढे योग्य रीतीने लवले नाहीत, असा ठपका महाराजांवर आला आणि इंग्रज सरकारची वक्रदृष्टी काही काळ त्यांच्याकडे वळली. घरातही एकामागून एक आघात झाले. १९०८ मध्ये थोरले पुत्र फत्तेसिंहराव, १९१९ मध्ये शिवाजीराव आणि १९२३ मध्ये जयसिंहराव असे तीन पुत्र त्यांच्या हयातीत गेले. तरी पुस्तकांच्या पेट्या फिरत राहिल्या.

या योजनेत उणिवा नव्हत्या असे नाही. वर्गणीचा नियम ज्याला परवडे, त्याच गावात ग्रंथालय लवकर उभे राहिले. अगदी निर्धन गावांना पेटीवरच भिस्त ठेवावी लागली. शिवाय हे सारे एका राजाच्या इच्छेने घडले होते, आणि राजेच्छेवर उभ्या असलेल्या कामाला तिच्याइतकेच आयुष्य असण्याचे भय असते. ते भय पुरतेपणी खरे ठरले नाही, याचे श्रेय वर्गणी भरणाऱ्या गावांनाही द्यावे लागेल.

१९३२ मध्ये कोल्हापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांनी भूषविले. गुजराती प्रजेवर राज्य करणाऱ्या या मराठी राजाने दोन्ही भाषांचे पांग फेडले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थान गेले, पण मध्यवर्ती ग्रंथालय वाचकांसाठी खुले राहिले.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी ग्रंथालयांना या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या संस्थांना राजाश्रय क्वचितच लाभला. त्या वर्गणीवर आणि सभासदांच्या आस्थेवर शंभर वर्षे टिकल्या. मराठी पुस्तक येथे सहजासहजी हाती येत नाही, म्हणून ते कोणी वाचले आणि पुढे कोणाला दिले, याला अधिकच महत्त्व आहे. सयाजीरावांनी हे काम पेट्या, खाती आणि नियम यांच्या साहाय्याने केले. आपल्याला त्यासाठी देवघेवीच्या मेजापाशी थोडा वेळ थांबावे लागेल, इतकेच. पुस्तक परत करताना त्याविषयी दोन शब्द शेजारच्या सभासदाला सांगितले, तर ते पुस्तक त्या दिवशी कपाटात न जाता दुसऱ्या घरी जाईल.