फादर स्टीफन्स : रविवारच्या वर्गातून जन्मलेलं मराठी पुराण



मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की आपण वर्गात ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम, कुसुमाग्रज यांची नावं घेतो. यंदा मी मुलांना आणखी एका माणसाची गोष्ट सांगितली. हा माणूस जन्मला इंग्लंडमध्ये, राहिला गोव्यात आणि त्यानं लिहिलं मराठीत. त्यांचं नाव फादर थॉमस स्टीफन्स. मुलांना सांगताना मलाच खूप काही शिकायला मिळालं, म्हणून आज त्यांचं चरित्र इथे देत आहे.

जन्म आणि घर सोडणं

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात बुशटन नावाच्या गावी झाला. वडील व्यापारी होते. त्या काळात इंग्लंडमध्ये कॅथलिक लोकांना आपला धर्म उघडपणे पाळणं अवघड होतं. थॉमस पाउंड नावाच्या मित्रासोबत रोमला जाऊन येशूसंघात (म्हणजे जेझुइट संघात) सामील व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. पण पाउंड पकडला गेला आणि त्याचं पुढचं बरंचसं आयुष्य तुरुंगातच गेलं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये संघात दाखल झाले.

पुढे त्यांनी हिंदुस्थानात जायची परवानगी मिळवली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजांचा ताफा निघाला, त्यात ते होते. २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. म्हणजे सहा महिन्यांहून जास्त दिवस समुद्रावर! या प्रवासाचं वर्णन करणारं पत्र त्यांनी वडिलांना लिहिलं, ते पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासात त्यांचंच नाव घेतलं जातं. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली ती १६०० मध्ये, त्याच्या एकवीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

साष्टीतलं काम

गोव्यात धर्मगुरूची दीक्षा मिळाल्यावर त्यांना साष्टीत पाठवलं. (ही मुंबईजवळची साष्टी नव्हे बरं का. दक्षिण गोव्यात मडगाव आणि राशोलच्या बाजूचा जो तालुका आहे, त्यालाही साष्टीच म्हणतात.) जवळजवळ चाळीस वर्षं, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते याच भागात राबले.

इथे मुलांना एक शब्द समजावून सांगावा लागतो, तो म्हणजे धर्मग्राम. एका चर्चच्या भोवतीची सगळी कुटुंबं मिळून एक धर्मग्राम होतो. आजही कोणत्याही धर्मग्रामात गेलात तर तिथे फक्त प्रार्थना होते असं नाही. गायनवृंद असतो, बायबलचं वाचन करणारे वाचक असतात, लहान मुलांचे रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग असतात, महिलांचा गट, तरुणांचा गट असतो, आजाऱ्यांना भेटायला जाणारी मंडळी असतात. यातलं बरंचसं काम साधी माणसंच करतात, पगार न घेता. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखंच समजा.

स्टीफन्स यांच्या काळातही गोव्यातल्या चर्चला जोडून शाळा असायच्या. तिथे मुलांना प्रार्थना, वाचन आणि गायन शिकवलं जाई. रविवारी मोठी माणसंही धर्मशिक्षणाला जमत. स्टीफन्स यांचं रोजचं काम हेच होतं, समोर बसलेल्या माणसांना समजावून सांगणं. थोडक्यात, ते आपल्यासारखेच शिक्षक होते!

पण एक मोठी अडचण होती. माणसं कोकणी बोलणारी, पुराणं ऐकायची ती मराठीतली, आणि शिकवणारे परदेशी. स्टीफन्स यांनी आधी लोकांची भाषा शिकायला घेतली. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक निरीक्षण कळवलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. हीच गोष्ट विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ मध्ये मांडली आणि ती जगभर गाजली. स्टीफन्स यांना ती दोनशे वर्षं आधी कळली होती.

दुखरी बाजू

हे चरित्र सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या काळात गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती आणि ती सत्ता धर्माच्या बाबतीत कठोर होती. स्टीफन्स येण्याच्या बारा वर्षं आधी, १५६७ मध्ये, साष्टीतली देवळं मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. लोकांच्या जुन्या धर्मग्रंथांवर बंदी आली. १५८३ मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावात लोकांचा राग उफाळून आला आणि पाच जेझुइट मारले गेले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावातल्या प्रमुख मंडळींना बोलणीसाठी बोलावून ठार केलं. मारल्या गेलेल्या पाच सहकाऱ्यांचे देह आणण्याचं काम स्टीफन्स यांच्याकडे आलं होतं.

म्हणजे स्वतःच्या देशात ज्यांच्यावर धर्मामुळे बंधनं होती, तेच इथे बंधनं घालणाऱ्या सत्तेच्या बाजूला उभे होते. मुलं याबद्दल प्रश्न विचारतात आणि विचारू द्यावेत. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं की मग ते चांगले होते की वाईट? मी तिला सांगितलं की माणूस एका शब्दात मावत नाही. त्यांनी काय पाहिलं, काय केलं आणि काय केलं नाही, हे सगळं समोर ठेवायचं आणि मग आपण विचार करायचा.

एका माणसाची तक्रार

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो सांगून ठेवला आहे.

एका रविवारी धर्मशिक्षण चालू होतं. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे आला आणि त्यानं आपलं मन मोकळं केलं. त्याचं म्हणणं असं होतं की तुम्ही आमची जुनी पुराणं वाचायला मनाई केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? आम्ही वाचायचं काय, ऐकायचं काय?

विचार करून बघा. समोर परदेशी पाद्री, पाठीशी पोर्तुगीज सत्ता, आणि तरी हा माणूस धीर करून बोलला. ही नुसती शंका नव्हती, त्यात दुःख होतं. पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी बसून ओव्या ऐकणाऱ्या माणसांच्या घरात अचानक शांतता झाली होती. नुसती प्रश्नोत्तरं पाठ करून ती शांतता भरून निघणार नव्हती.

स्टीफन्स यांनी त्याला गप्प बसवलं नाही. त्याचं म्हणणं खरं आहे हे त्यांना पटलं. मात्र असं काम एका दिवसात होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि मग ते कामाला लागले.

ख्रिस्तपुराण

१६१६ मध्ये राशोल इथे हा ग्रंथ छापून झाला. आपण आज त्याला ख्रिस्तपुराण म्हणतो. शिवरायांचा जन्म व्हायला अजून चौदा वर्षं होती! ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या निर्मितीपासूनच्या जुन्या करारातल्या कथा आहेत, त्याचे ३६ अवस्वर म्हणजे अध्याय. दुसऱ्या पुराणात येशूचं चरित्र आहे, त्याचे ५९ अवस्वर. सगळ्या मिळून सुमारे ११ हजार ओव्या!

त्यांनी छंद घेतला तो ओवीचाच, ज्ञानेश्वर-एकनाथांनी घराघरात पोहोचवलेला. ग्रंथाला नाव दिलं पुराण. स्वर्गासाठी शब्द वापरला वैकुंठ. भाषा मराठी, पण अधूनमधून कोकणी शब्द, कारण ऐकणारी माणसं साष्टीतली होती. मराठीचं कौतुक करताना त्यांनी रत्नांचे, फुलांचे आणि पक्ष्यांचे दाखले दिले आहेत. आपण गौरव दिनाच्या भाषणांत मराठीच्या ज्या स्तुतीचा उल्लेख करतो, ती याच ग्रंथातली.

आणखी एक गंमत. हे मराठी पुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. कारण तेव्हा राशोलच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. ते पाडून घ्यावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला आपल्या प्रमुखांना पत्र लिहिलं होतं. पण आपली लिपी जोडाक्षरांची, तिला शेकडो साचे लागणार. ते काम झालं नाही. त्यांनी कोकणीचं व्याकरणही लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झालं. कोकणीचं हे पहिलं छापील व्याकरण.

पुराण टिकलं कसं?

पुस्तक छापलं म्हणजे काम झालं असं नसतं, हे आपल्याला माहीत आहेच. शाळेच्या कपाटात किती पुस्तकं धूळ खात असतात! ख्रिस्तपुराण मात्र धर्मग्रामांनी उचलून धरलं. रविवारी, सणावाराला चर्चमध्ये ते वाचलं जाऊ लागलं, गायलं जाऊ लागलं. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापावं लागलं.

मग १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं फर्मान काढलं की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला शिकावं. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी चाळीस वर्षं शिकवलं, त्या भाषेवरच गदा आली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाताशी नाही.

तरीही पुराण हरवलं नाही. कारण लोकांनी ते हातानं उतरवून ठेवलं होतं. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कॅथलिक कुटुंबांनी या वह्या जपल्या. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. पुढे लंडनच्या एका संग्रहात देवनागरीतलं हस्तलिखितही सापडलं. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली. म्हणजे देवनागरीत छापायची स्टीफन्स यांची इच्छा पूर्ण व्हायला साडेतीनशे वर्षं लागायची वेळ आली! फादर नेल्सन फलकाव यांनी २००९ मध्ये आजच्या मराठीतल्या रूपांतरासह ते पुन्हा आणलं.

हा धागा आपल्या भागापर्यंतही येतो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. सोलापूरहून एसटीनं दोन तासांच्या आत पोहोचता येतं तिथे. एक कॅथलिक धर्मगुरू मराठीच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसतो, त्यामागे चारशे वर्षांची वाट आहे.

माझ्या वर्गात

आता माझं सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातली मुलं माझ्या वर्गात आहेत. बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी उर्दू. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत दुसरीतला एक मुलगा माझ्या तासाला तोंडच उघडत नसे. मी त्याच्या नावापुढे अप्रगत अशी नोंद केली होती. एकदा मधल्या सुट्टीत तो मित्राकडे पाणी मागत होता, नीळ्ळु, नीळ्ळु म्हणून. मग दोघे इतके भरभर बोलायला लागले की मी बघतच राहिले. मुका तो नव्हता, बहिरी मी होते.

त्यानंतर मी एक वही केली. मुलांकडून रोज एक शब्द विचारून घ्यायचा आणि लिहायचा. पाणी, भाकरी, आई, ये, बस. महिनाभरात तो मुलगा मला उच्चार दुरुस्त करून सांगू लागला आणि त्याच ओघात मराठीही बोलू लागला. शिकवणी अशीच सुरू होते, हे मला डीएडच्या पुस्तकापेक्षा त्यानं जास्त चांगलं शिकवलं.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. नकाशावर लिस्बन ते गोवा हा समुद्रमार्ग आफ्रिकेला वळसा घालून बोटानं दाखवायला सांगा.
२. मुलांना स्वतःच्या मराठी नावासारखं एखादं मराठी वाक्य रोमन लिपीत लिहून दुसऱ्याला वाचायला द्या. कुठे अडतं, ते विचारा. देवनागरीची किंमत लगेच कळते.
३. घरातल्या आजी-आजोबांकडून एक ओवी, गाणं किंवा गोष्ट ऐकून वहीत उतरवून आणायला सांगा, मग ती कोणत्याही भाषेतली असो. पालकांनी यात जरूर मदत करावी.

फादर स्टीफन्स यांचं मोठेपण अकरा हजार ओव्यांत आहेच. पण त्याची सुरुवात झाली ती एका रविवारी, समोर बसलेल्या माणसाची तक्रार ऐकून घेतल्यानं. आपल्याही वर्गात असा कुणीतरी रोज बसलेला असतो. उद्या तास सुरू करण्याआधी त्याला एकदा विचारून बघूया.