शेतात कपाशी, ताटात नुसता मका
कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर यांच्या आयुष्यातून आरोग्याचा धडा

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आले आणि शाळेतल्या पोरांपासून ग्रामसेवकांपर्यंत अनेकांनी ते वाचले. शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू करणारा शास्त्रज्ञ म्हणून कार्व्हर आपल्याला ठाऊक आहेत. पण या माणसाच्या आयुष्याची दुसरी बाजू शेतकरी बंधूंनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी जास्त समजून घ्यायला हवी. माणूस आजारी का पडतो, आणि एकाच गावात एक घर धडधाकट तर दुसरे कायम दवाखान्याच्या वाटेवर, असे का होते, याचे उत्तर त्यांच्या कामात सापडते.

दुबळे पोर

कार्व्हर यांचा जन्म साधारण १८६४ सालचा. नक्की तारीख कुणी लिहून ठेवली नाही, कारण गुलामाच्या पोराची नोंद ठेवतो कोण! अमेरिकेतील मिसुरी राज्यात डायमंड ग्रोव्ह या गावी मोझेस कार्व्हर नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याकडे त्यांची आई मेरी गुलाम होती. तान्हेपणीच हल्लेखोरांनी मायलेकांना पळवून नेले. मोझेस यांनी एक घोडा देऊन पोराला सोडवून आणले. आईचा पत्ता पुन्हा कधीच लागला नाही.

परत आलेल्या पोराला डांग्या खोकल्याने धरले होते. वाचेल की नाही याची शाश्वती नव्हती. मोझेस यांची बायको सुझन हिने त्याला जगवले. प्रकृती तोळामासाची, त्यामुळे रानातली जड कामे त्याला जमत नसत. सुझनबाईच्या हाताखाली स्वयंपाक, शिवणकाम, धुणे आणि परसबाग ही कामे तो शिकला. झाडापानांच्या दुखण्यांवर उपाय करणारा पोरगा म्हणून आसपास त्याचे नाव झाले.

पुढे निओशो गावी काळ्यांच्या शाळेत जाण्यासाठी त्याने घर सोडले. तिथे मारिया वॉटकिन्स नावाच्या सुईणीने त्याला आसरा दिला. गावोगाव बाळंतपणे करणाऱ्या आणि झाडपाल्याची माहिती असणाऱ्या या बाईकडून रानातल्या वनस्पतींचे औषधी आणि खाण्याचे उपयोग तो शिकला. शाळेच्या वर्गाइतकेच हे शिक्षण त्यांना जन्मभर पुरले.

कॅन्ससमधील एका कॉलेजने १८८५ मध्ये पत्राने प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष दारात काळा मुलगा पाहिल्यावर परत पाठवले. तरी त्यांनी हाय खाल्ली नाही. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून त्यांनी पोट भरले. १८९१ मध्ये आयोवा राज्याच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये उच्च पदवी घेतली. त्या महाविद्यालयातले ते पहिले काळे विद्यार्थी आणि पहिले काळे शिक्षक.

टस्कीगीचा मुलूख

१८९६ मध्येच बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामा राज्यात टस्कीगी येथील आपल्या संस्थेत बोलावून घेतले. आयोवातली सुपीक काळी जमीन सोडून कार्व्हर दक्षिणेत आले. त्यांनी पाहिले ते असे. जिकडे नजर जाईल तिकडे कपाशी. घराच्या उंबऱ्याला टेकेपर्यंत कपाशी. वर्षानुवर्षे तेच पीक घेऊन जमिनीचा कस गेलेला, पावसाने माती वाहून घळी पडलेल्या.

गुलामगिरी कायद्याने संपून तीस वर्षे झाली होती, पण शेत बहुतेकांचे स्वतःचे नव्हते. काळी कुटुंबे आणि त्यांच्यासारखीच पुष्कळ गरीब गोरी कुटुंबे बटईने शेत करीत. बियाणे, खत, पीठमीठ सगळे दुकानदाराकडून उधार, तारण कोणते तर उभे पीक. हंगाम संपला की मालकाचा वाटा, मग दुकानदाराचे मुद्दल, वर त्याचे व्याज. हातात उरायचे काय, तर पुढच्या वर्षीची उधारी. हे चित्र आपल्याकडच्या जुन्या मंडळींना काही वेगळे सांगायला नको.

आता यात आरोग्याचा संबंध कुठे आला? इथेच आला. दुकानदाराला आणि मालकाला रोकड देणारे पीक हवे, म्हणून भाजीपाल्याला, कडधान्याला जागा नाही. चारा नाही म्हणून दुभते जनावर नाही. मग खायचे ते उधारीच्या दुकानातले. त्यात तीनच वस्तू: मक्याचे पीठ, डुकराची खारवलेली चरबी आणि काकवी. सकाळ-संध्याकाळ तेच, महिनोन्महिने तेच. पोट भरे, पण अंग भरत नसे.

ज्या रोगाचा दोष रक्ताला दिला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत एका रोगाने थैमान घातले. नाव पेलाग्रा. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची, मानेची कातडी लाल होऊन काळवंडायची, सोलायची. मग जुलाब लागायचे, पुढे डोक्यावर परिणाम व्हायचा आणि शेवटी मरण. १९०६ मध्ये अलाबामातील माउंट व्हर्नन येथे काळ्या मनोरुग्णांच्या इस्पितळात ८८ जणांना तो झाला, त्यातले ५७ दगावले. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सना मात्र काही झाले नाही.

कोणी म्हणे हा जंतूंचा रोग, कोणी म्हणे सडक्या मक्याचा, तर कोणी सरळ म्हणे की या लोकांचे रक्तच खराब आणि राहणी घाणेरडी. गरिबाच्या दुखण्याचा दोष गरिबालाच द्यायचा, ही रीत सगळीकडची.

१९१४ मध्ये सरकारी आरोग्य सेवेने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर नेमले. अनाथाश्रमात मुले आजारी, नोकर ठणठणीत. वेड्यांच्या इस्पितळात रुग्ण आजारी, परिचारक ठणठणीत. संसर्ग असता तर दोघांनाही झाला असता. फरक होता ताटात. मुलांना दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये द्यायला लागल्यावर पेलाग्रा ओसरला.

पुढे १९१६ पासून एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाला सोबत घेऊन त्यांनी दक्षिण कॅरोलिनातील कापड गिरण्यांच्या वस्त्यांत घरोघरी पाहणी केली. कोणाचे उत्पन्न किती, दुकानात काय मिळते, घरी गाय आहे का, हे विचारले. जसे उत्पन्न कमी तसा रोग जास्त, हे स्पष्ट दिसले. शिवाय मिळकत सारखी असूनही ज्या वस्तीच्या आसपासचे शेतकरी ताजा माल विकायला आणत तिथे रोग कमी, आणि जिथे सभोवती नुसती कपाशी तिथे जास्त. म्हणजे शेजारच्या शेतात काय पेरले आहे यावर गिरणी कामगाराच्या लेकराची तब्येत ठरत होती!

१९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. आता पेलाग्रा वाढणार, असा इशारा पुढच्या वर्षी आरोग्य सेवेने दिला, तेव्हा दक्षिणेतल्या अनेक पुढाऱ्यांना तो आपला अपमान वाटला. अखेर १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांच्या संशोधनातून उलगडा झाला की नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हा रोग होतो. मक्यात नायसिन असते, पण ते बांधलेले असल्याने अंगी लागत नाही. मेक्सिकोतले लोक पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे ते मोकळे होते. म्हणून मका खाऊनही त्यांच्यात हा रोग फारसा दिसत नव्हता.

कार्व्हर यांचा उतारा

नायसिनचा शोध लागण्यापूर्वी कितीतरी वर्षे कार्व्हर त्याच वाटेने चालले होते. सुरुवात त्यांनी मातीपासून केली. बटईवाल्याला विकतचे खत परवडत नाही, म्हणून जंगलातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून खत करायला शिकवले. कपाशीला बेवड म्हणून चवळी, भुईमूग आणि रताळी घ्या, असा आग्रह धरला. चवळी आणि भुईमूग मुळांवरच्या गाठींमधून जमिनीला नत्र देतात आणि दाण्यातून माणसाला प्रथिने. भुईमुगात नायसिनही भरपूर. एका पिकाने जमीन आणि माणूस दोघांचे दुखणे हलके होते.

पण पेरले म्हणून खाल्ले जाते असे नाही. चवळी-भुईमूग म्हणजे जनावराचे खाणे, अशी समजूत होती. म्हणून कार्व्हर यांनी पत्रके काढली. १८९८ पासून अखेरपर्यंत चाळीसहून अधिक पत्रके निघाली. १९१६ च्या पत्रकात भुईमूग कसा पिकवावा आणि तो खाण्याच्या १०५ रीती दिल्या. १९१८ मध्ये टोमॅटोच्या ११५ रीती सांगितल्या. उन्हाळ्यात मांस कसे टिकवावे, स्थानिक रंगीत मातीने घर कसे पोतारावे, यावरही लिहिले. भाषा सोपी आणि सामान घरातलेच. बालपणी सुझनबाईच्या चुलीपाशी आणि वॉटकिन्स सुईणीच्या घरी शिकलेले इथे उपयोगी पडले.

वाचता न येणाऱ्याचे काय? त्यासाठी १९०६ मध्ये घोडागाडीवर शेतीशाळा निघाली. मॉरिस जेसप या दानशूर गृहस्थाने पैसा दिला म्हणून तिला जेसप गाडी म्हणत. अवजारे, बियाणे, लोणी काढायची यंत्रे घेऊन गाडी थेट बांधावर जाई. टॉमस कॅम्पबेल ही गाडी चालवीत; सरकारने नेमलेले ते पहिले काळे कृषी विस्तार कर्मचारी. पुढे गाडीच्या जागी मोटार आली, तेव्हा शेतीच्या माणसाबरोबर घरकाम शिकवणारी बाई आणि नर्स अशी तुकडी गावात जाऊ लागली. आम्हा विस्तार खात्याच्या लोकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शेती, चूल आणि आरोग्य ही तीन खाती त्यांनी एकाच मोटारीत बसवली होती.

टस्कीगी संस्थेने १९१५ पासून काळ्या समाजासाठी आरोग्य सप्ताहही सुरू केला. अनवाणी पाय आणि संडासाचा अभाव यामुळे अंकुशकृमी गरिबांचे रक्त पीत होता, विहिरी उघड्या होत्या. साफसफाई, संडास, पाणी यावर गावोगाव काम झाले.

जिथे उपदेश अपुरा पडला

कार्व्हर यांना सगळे साधले असे समजू नये. ज्याची चार एकर का होईना स्वतःची जमीन होती, त्याने त्यांचे ऐकून फायदा करून घेतला. बटईवाल्याला मात्र मालक म्हणेल तेच पेरावे लागे. भाजी लावायची परवानगी नाही, तर भाजीच्या रीती वाचून करणार काय? बोंडे पोखरणारा सोंडेकिडा १९१० च्या सुमारास अलाबामात शिरला आणि कपाशी बुडवू लागला, तेव्हा कुठे अनेक मालक इतर पिकांकडे वळले. ज्ञान पाहिजेच, पण त्याच्या जोडीला जमिनीवर हक्क आणि वाजवी दराचे कर्जही पाहिजे.

दवाखान्याच्या दारातही तीच गोष्ट. १९३३ च्या सुमारास कार्व्हर शेंगदाण्याच्या तेलाने पोलिओग्रस्तांना मालिश करीत. वर्तमानपत्रात बातमी आली आणि माणसांची रीघ लागली. गुण तेलाचा नव्हता, मालिशीचा आणि व्यायामाचा होता. पण इतकी माणसे का आली? जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी उभारलेल्या नामांकित पोलिओ केंद्रात काळ्या रुग्णांना प्रवेश नव्हता. १९४१ मध्ये टस्कीगीत काळ्या मुलांसाठी वेगळे पोलिओ केंद्र उघडले, तेव्हा त्यांची सोय झाली.

त्याहून वाईट प्रकार त्याच मेकन काउंटीत घडला. १९३२ पासून सरकारी आरोग्य सेवेने सुमारे ४०० गरीब काळ्या पुरुषांचा उपदंश नुसता पाहत राहण्याचा अभ्यास चालवला. त्यांना खरे काही सांगितले नाही. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हे नेहमीचे औषध झाले, तरी त्यांना ते दिले नाही. १९७२ मध्ये हे उघडकीस आले आणि थांबले. १९९७ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. ही माणसे बटईवाले आणि मजूर होती. त्यांच्या वतीने विचारणारे कोणी नव्हते.

कार्व्हर ५ जानेवारी १९४३ रोजी वारले. जन्मभर साधे राहून साठवलेले सुमारे साठ हजार डॉलर त्यांनी संशोधनासाठी संस्थेला दिले होते.

आपल्या बांधावर

पेलाग्रा हा लांबचा रोग, असे कोणी म्हणू नये. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांत हा रोग दिसला होता आणि हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन व सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात त्यावर अभ्यास केला. यात ज्वारीचा दोष नाही बरं का. भाकरीबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी, ताक असेल तर ज्वारीसारखे धान्य नाही. भाकरी आणि नुसती चटणी यावर दिवस काढावे लागतात, तिथे रोग शिरतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, कपाशी असो की सोयाबीन, दर काही ओळींनंतर तूर, मूग, उडीद, चवळी यांचे तास घाला आणि त्यातले घरच्यापुरते आधी काढून ठेवा, मगच बाजार दाखवा. सांडपाण्यावर परसबाग करा. शेतमजूर कुटुंबाला बांधावर चार वेल लावू दिले तर मालकाचे काही जात नाही.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनी ग्राम आरोग्य व पोषण समितीच्या बैठकीत आजाऱ्यांची यादी वाचताना त्यासमोर आणखी चार रकाने आखावेत. घराला जमीन आहे का, कर्ज कोणाचे आहे, पाणी कुठून आणतात आणि काल रात्री काय शिजले होते. हे चार रकाने भरले की औषधाच्या गोळ्यांखेरीज गावाने काय करायला हवे, ते आपोआप कळेल.